दाराकडे बघायची जागा

आमच्या नाटकांचा पडदा जुन्या नऊवाऱ्या जोडून शिवलेला होता. कुणाची हिरवी, कुणाची जांभळी, एक डाळिंबी, आणि मधे एक इतकी विरलेली की तिच्यातून समोरची माणसं सावल्यांसारखी हलताना दिसायची. पडदा उघडायच्या आधी आम्ही सगळी मुलं त्याच्यामागे उभी असायचो, तोंडाला सफेदा, गालांना कुंकू, आणि दिव्याचा उजेड त्या लुगड्यांतून गाळल्यासारखा आमच्यावर पडायचा. कुणी हिरवं, कुणी जांभळं. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की मी तिथेच उभी असते. पलीकडे खोकल्याचे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत असतात. नाटक कोणतं ते मात्र काही केल्या आठवत नाही.

माळव्यातल्या धारमधली आमची ही मुलांची नाटकमंडळी मावशीने उभी केली. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे, सगळ्या गावाचीच. तिचे यजमान बांधकाम खात्यात होते. त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी तालमी व्हायच्या. नाटकं तीच रचायची आणि गणपतीत ती धारला व्हायची, मग देवासला. कधी सोनकच्छला, कधी कन्नौदला. सोनकच्छला मंडीच्या शेडमध्ये प्रयोग झाला होता तो मी विसरणार नाही. लोक गव्हाच्या पोत्यांवर बसलेले, उजेडात भुसा तरंगतोय, आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्या माळवी बाया पदराने डोळे पुसतायत. एक राजा होता आमच्या नाटकात, शाळेचे काळे बूट घालून राज्य करायचा. एका नाटकात चंद्र विहिरीत पडायचा आणि आम्ही तो सुपाने उपसून काढायचो. नंतरच्या आठवणीत हा राजा आणि ती विहीर एकाच नाटकात आलेत. असू देत. कोण तपासायला बसलंय!

देवासला जायचं म्हणजे आणखी एक भानगड असायची. तिथे एके काळी एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि टेकडीवर देवीसुद्धा दोन. राज्यं गेली, पण मानपान कुठे जातोय? त्यामुळे देवासला आम्ही नमन दोनदा म्हणायचो. एकदा थोरल्या मातेकडे तोंड करून, एकदा धाकटीकडे. मधे अंग वळवताना आमची हमखास टक्कर व्हायची. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते दुसरं काय! पण एकदाच म्हटलं असतं तर अर्धी माणसं आम्हाला चहा न पाजताच घरी गेली असती.

मावशीचा एक नियम होता. नटाच्या हातात कागद दिसता कामा नये. आम्ही सगळी हिंदी शाळांतली. कागद दिला की वाचताना मराठी वाक्याला हिंदीचा हेल लागायचा, आणि मावशी कपाळाला हात लावायची. "वाचूं नका. माझ्या तोंडाकडे बघा," असं तिच्या त्या जुन्या मराठीत म्हणायची. मग ती एक वाक्य बोलायची, आपण तसंच बोलायचं. ती थांबेल तिथे थांबायचं, मान हलवेल तशी हलवायची. नाटकं अशी तिच्या तोंडातून आमच्या तोंडात आली, आणि आमच्या तोंडातून पुढच्या पोरांच्या. पुण्याहून कुणाकडे पाहुणे आले की म्हणायचे, "अहो, हे मराठी आमच्याकडे आजीच्या वेळी बोलत." आम्हाला बाई फार अभिमान वाटायचा. घरी मात्र आम्ही "अरे यार" करत हिंदीच बोलायचो.

या सगळ्यांत एक नाटक पुन्हा पुन्हा व्हायचं. त्याला नाव होतं काहीतरी, पण आम्ही 'आईचं नाटक' म्हणायचो. मुलगा भांडून घर सोडून जातो, कित्येक वर्षांनी परत येतो. सगळे त्याला जाब विचारायला टपलेले. आई मात्र काहीच विचारत नाही. मुलगा आत येऊन तिच्यासमोर उभा राहतो. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघते, चांगली बघून घेते, आणि मग म्हणते, "आलास? बस. वाढते."

एवढंच, आणि पडदा.

ती दाराकडे बघायची जागा म्हणजे आमच्या मंडळीचा दागिना होता. मुलगा तर आत आलेला आहे, मग आई दारात काय बघते? देवासला यावर वाद झडायचे. कुणी म्हणे, गेलेली वर्षं मागोमाग येतात का ते बघते. कुणी म्हणे, मुलाच्या मागे त्याचा वारलेला बाप दिसतो तिला. इंदूरचे एक प्राध्यापक तर भाषणात त्या एका नजरेवर इतकं बोलले की पुढची आरती लांबली. मी सोळा वर्षांची असताना ती आई केली होती. दाराकडे बघितलं, आणि समोरचा सगळा हॉल गप्प झाला. तसली शांतता मला पुढे आयुष्यात कुठे मिळाली नाही.

आता माझ्या लेकीची गोष्ट सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

माझी लेक कॉलेजात आहे. हुशार आहे, प्रेमळ आहे, पण मराठी बोलत नाही. कळतं सगळं. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. "जेवलीस का?" "हाँ मम्मी, खा लिया." लहानपणापासून हेच. सासरही मराठीच, पण तिथेही सगळा कारभार हिंदीत. त्यात मी शाळेत हिंदीची मास्तरीण! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक तोंडावर म्हणतात. म्हणोत. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. मी म्हातारी होईन, आजारी पडेन, आणि ही माझ्या उशाशी बसून माझ्याशी परक्या भाषेत गोड बोलेल, हे मला सहन होत नव्हतं. मोठं काही नको होतं मला. तिने एकदा, नुसतं एकदा, माझ्याशी आपण होऊन मराठीत बोलावं. बस.

यंदा आई करणारी मुलगी नोकरीला लागून निघून गेली. मावशी आता खूप थकली आहे, खुर्चीतच असते, पण हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. तिने माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. "ही करेल." लेक म्हणाली, "आजी, मेरी मराठी सुनकर लोग हँसेंगे." मावशी म्हणाली, "हंसूं देत. हंसून दमले की रडतील."

मावशीचा आवाज आता पुरत नाही, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही स्वयंपाकघरात शिकायचो. मी ओट्याशी, ती दाराच्या चौकटीला टेकून. माझ्या तोंडातलं वाक्य तिच्या तोंडात जाताना मी बघत राहायची. "आलास? बस. वाढते." ती अगदी माझ्यासारखंच म्हणायची. पण ते मला नव्हतं ना. ते नाटकातल्या मुलाला होतं. वाक्य संपलं की लगेच, "मम्मी, ठीक था? अब मैं जाऊँ?" की गेली!

एक दिवस तिने विचारलं, "मम्मी, लड़का तो अंदर आ गया, फिर दरवाज़े को क्यों देखना है?"

मी प्राध्यापकांचं सगळं ऐकवलं. गेलेली वर्षं वगैरे.

"हाँ, पर आजी ने क्या सोचा था?"

खरंच की! हे मावशीला कुणीच कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघी संध्याकाळी तिच्याकडे गेलो आणि लेकीने सरळ विचारलं. मावशीने कपाळाला आठ्या घातल्या.

"दाराकडे? मी कशाला सांगेन दाराकडे बघायला?"

"अहो मावशी, तुम्हीच तर बघायचात. 'आलास'च्या आधी. तालमीत. दर वेळी."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते की काय. तर हसत होती! पदर तोंडाशी धरून इतकी हसली की ठसका लागला. "अगं बये, दूध! त्या वेळेला दूधवाला यायचा. दारात पातेलं ठेवलेलं असायचं, तो दूध घालून निघून जायचा, आणि शेजारणीची मांजर टपलेलीच. मी दुधाकडे बघायची गं!"

ज्या नजरेवर सगळं देवास रडलं, ती मांजरीसाठी होती. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या, एकीनेही न विचारता, ते दूध राखत आलो होतो. हात्तिच्या! लेक तर जमिनीवर लोळत हसत होती.

हसून झाल्यावर मावशी एकदम कडक झाली. "काढून टाक ते. चूक ती चूक. मुलगा समोर उभा आहे, आईने मुलाकडे बघावं." काढून टाकलं. मला जड गेलं, पण लेकीला पटलं.

देवासला प्रयोग झाला. टेकडीवरचे दिवे लागले होते. दोन्ही नमनं झाली, टक्करही झाली. मी विंगेत उभी होते, तोच पडदा, तोच गाळलेला उजेड, आणि त्या उजेडात माझ्या जागी माझी लेक. क्षणभर मला कळेना की मी बाहेर आहे की आत. मावशीला कुणीतरी गाडीने आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

शेवटची जागा आली. मुलगा समोर येऊन उभा राहिला. लेकीने त्याच्याकडे बघितलं, फक्त त्याच्याकडे. आणि समोरच्या सगळ्या माना, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, दाराकडे वळल्या. लोकांना सवय होती ना! आजोबा, सुना, कडेवरची पोरं, सगळे मिळून माझ्या लेकीला सोडून त्या रिकाम्या दाराकडे बघत होते. आणि खोटं कशाला सांगू, मावशीनेही मान वळवली होती. मग लेकीचा आवाज आला, "आलास? बस. वाढते." सगळे परत वळले, आणि हुंदके ऐकू आले.

प्रयोगानंतर एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. "बाई, पोरगी छान करते. पण दार खाल्लं तिने." मी मावशीजवळ वाकून विचारलं, "काय मावशी, दूध आलं का?" तिने माझ्या हातावर चापट मारली.

परतीच्या बसमध्ये लेक धुमसत होती. "पूरी पब्लिक दरवाज़ा देख रही थी! मेरी तरफ़ कोई देख ही नहीं रहा था!" मी म्हटलं, "मी बघत होते." तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पुटपुटली, "भूख लगी है मम्मी." हिंदीतच. मी खिडकीबाहेर बघत राहिले. नाटक संपलं, वाक्य संपलं, असं मनाशी म्हणून टाकलं.

गणपती गेले. शाळेत परीक्षा आल्या. एका संध्याकाळी मला पेपरांच्या कामाने यायला उशीर झाला होता. पाय भरून आलेले, फोन बंद पडलेला, डोक्यात साऱ्या वर्गाच्या चुका. दार लोटलं. घरात भाताचा वास होता. लेक स्वयंपाकघरात उभी होती, हातात डाव, आणि दाराकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी दिसल्यावर तिचा चेहरा सैल झाला.

"आलीस मम्मी?" ती म्हणाली. "किती उशीर. हातपाय धुऊन ये, वाढते."

मी चपला काढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. 'किती उशीर' मी शिकवलं नव्हतं. 'हातपाय धुऊन ये' कुठल्याच नाटकात नव्हतं.

"क्या हुआ मम्मी?"

"काही नाही," मी म्हटलं. "वाढ."