झाकणावरच्या खुणा

नातवाची पेटी दुरुस्त करायला आज एक कारागीर आला होता. कोपऱ्यातल्या जुन्या ऑर्गनवरची चादर त्याने कुतूहलाने उचलली, तसा सागाचा आणि कापराचा वास खोलीभर दरवळला. "आजी, झाकणाचं पॉलिश मधेमधे उडालंय. नवं मारून देऊ?" म्हणाला. "खबरदार हात लावशील तर!" मी अशी ओरडले, की बिचारा चहाही न घेता गेला.

माझे वडील रत्नागिरीत संगीत नाटकांना चाली देत. मिठाच्या सत्याग्रहाचे ते दिवस. वडिलांची स्वदेशीची पदं भाट्याच्या खाडीतल्या होडीवाल्यांपासून गावातल्या वकिलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. एका सभेत ते परदेशी वस्तू टाकून द्या म्हणून कळकळीने सांगत होते, तेव्हा मागून होडीवाल्यांतला एक म्हातारा खारवी उठला. "मास्तर, तुमची ती पेटी कुठची हो?" सभा हसली. वडील हसले नाहीत. ऑर्गन विलायतेचा, आणि त्यांचा जीव की प्राण! "आजपासून बंद," त्यांनी तिथेच शब्द दिला. घरी येऊन झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली खाडीत टाकून आले.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग चार दिवसांवर होता. मुख्य नट अडून बसला, "ऑर्गनशिवाय उभा राहणार नाही. माझं हसं होईल." वडील म्हणाले, "सूर माझी लेक देईल." आणि बारा वर्षांच्या मला तंबोरा देऊन थेट रंगमंचापुढे, ऑर्गनच्या जागी बसवलं. घरंदाज मुलगी चारचौघांत! पहिल्या रांगेतले दोघंतिघं उठून गेलेसुद्धा. पण षड्ज मी हलू दिला नाही. पहिल्याच पदाला तीन वन्समोअर मिळाले, आणि तो खारवी उभा राहून टाळ्या पिटत होता. अजून आठवलं की छाती फुगते माझी, खोटं कशाला बोलू!

पण मला मोठी वाटतात ती नंतरची वर्षं. टाळ्या एका दिवसाच्या. सोडलेला ऑर्गन रोज डोळ्यांसमोर. नवी चाल सुचली की वडील सवयीने त्याच्यापुढे बसत, मिटलेल्या झाकणावरच बोटं फिरवत आणि गुणगुणत. आतून हूं की चूं नाही. पुढच्या साऱ्या चाली त्यांनी अशाच बांधल्या. "दुसरी किल्ली करून घ्या ना," मी एकदा न राहवून म्हटलं. "शब्द दिलाय गं," एवढंच बोलले, आणि बोटं चालूच.

नाटकमंडळी कधीच मोडली, त्या चालीही आता माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. त्या कारागिराला उद्या बोलावून चहा पाजायला हवा. आणि सांगायला हवं, बाबा रे, ते पॉलिश माझ्या वडिलांनी वाजवून वाजवून झिजवलंय.