कात्रीचा दात

पडदा आणि भिंत यांच्यामध्ये मी उभा होतो. जागा इतकी अरुंद की मी मोठा श्वास घेतला की पेशव्यांचा दिवाणखाना हलायचा. पडद्यापुढे चैत्रगौरीचं हळदीकुंकू ऐन रंगात आलं होतं. अर्ध्या गिरगावातल्या सवाष्णी तिथं जमल्या होत्या. घरच्या पुरुषांना रीतीप्रमाणे दुपारीच बाहेर पिटाळलं होतं. त्या घरात त्या घटकेला एकच पुरुष होता, आणि तो मी होतो.

मी चोरून शिरलो नव्हतो. मी कामावर होतो.

माझा धंदा आराशीचा. ठाकुरद्वाराजवळ मंचेरजी शेठ म्हणून एका पारशी गृहस्थाचं दुकान होतं, तिथं मी कारागीर होतो. लग्नाला झुंबरं भाड्यानं द्यायची, गणपतीला मखर करायचं, नाताळात किरिस्तावांच्या घरी कागदी तारे टांगायचे, पतेतीला शेठच्या जातभाईंचे दिवाणखाने सजवायचे. सण कोणाचाही असो, शिडी आमचीच. मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. लोकांच्या हातात पैसा खेळत होता आणि शेजाऱ्यापेक्षा आपलं घर सरस दिसावं ही हौस तर कधीच जुनी होत नाही.

चैत्रगौरीची आरास मात्र आमच्या धंद्यात बसत नव्हती. ती घरच्या बाईनं करायची. गौर झोपाळ्यात बसवायची, पुढे पायऱ्या मांडायच्या, त्यावर खेळणी, फराळ, कलिंगडाची कमळं. बाहेरच्या माणसाचा हात लागला असं कळलं तर त्या बाईची वर्षभर चेष्टा. म्हणूनच उमाबाईंनी मला मागच्या जिन्यानं बोलावलं तेव्हा मी चकित झालो.

उमाबाई म्हणजे त्या वाडीतल्या आराशीच्या राणीच. एका वर्षी सातारचा राजवाडा, एका वर्षी कृष्णाची द्वारका, सगळं स्वतःच्या हातानं कागद कापून. लोक दादर-माहीमहून बघायला येत.

"दाजीबा, दार लाव," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून बसल्या. "यंदा पेशव्यांचा दिवाणखाना करायचाय. तू करायचा आणि मी केला म्हणायचं."

"तुम्ही असताना मी कशाला?"

"डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुझं तोंडसुद्धा धुक्यातून दिसतंय. घरात कोणाला ठाऊक नाही आणि कळायला नको."

का नको, तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूबाई मरताना सांगून गेल्या होत्या, जिच्या घरच्या बायकांच्या हातची आरास, तिच्याच घरी गौर. धाकटी जाऊ द्वारकाबाई दादरच्या वाडीत राहायची. गौरीवर तिचा कित्येक वर्षांचा डोळा. उमाबाईंचे हात थकले असं तिला एकदा कळलं की चांदीचा झोपाळा, गौर, सगळं गाडीत घालून दादरला जाणार. "त्या गौरीला मी मुलीसारखी न्हाऊ घातलीय," उमाबाई म्हणाल्या. मी ऑर्डर घेतली.

दोनच दिवसांनी त्याच घरच्या पुढच्या दारानं बोलावणं आलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. समोर सूनबाई, मथुरा. शाळेत शिकलेली, इंग्रजी वाचणारी, वकिलाची बायको.

"दाजीबा, सासूबाईंनी यंदा मला अर्धं काम दिलंय. गौरीचा महाल त्या करणार, भिंती आणि खिडक्या मी करायच्या. आणि मला कात्री धरता येत नाही हो. पान कापायला घेतलं की बेडूक होतो."

"सासूबाईंना सांगा तसं."

"त्या म्हणतील, माझ्यामागं या घरात गौर टिकायची नाही. त्यापेक्षा तुम्हीच करून द्या. इंग्लिश ड्रॉइंगरूमसारखं करा. लेसची झालर, फुलांची बॉर्डर. आणि सासूबाईंना कळता कामा नये."

मी दुकानात येऊन शेठला विचारलं, एका घरच्या दोन ऑर्डरी, एकमेकींपासून चोरून, काय करायचं?

मंचेरजी शेठ चिरूट पेटवत म्हणाले, "अरे, एका घरात दोन डॉक्टर येते, दोन भट येते. आपण दोन डेकोरेटर समज. फक्त दोघी पार्टीची शिडी एका टायमाला लावू नको."

आमच्या कामाची रीत थोडी सांगतो. सामान दुकानात तयार व्हायचं आणि सुटं सुटं जायचं. उमाबाईंसाठी भेंडाच्या महिरपी केल्या. भेंड म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या झाडाचा पांढरा हलका गाभा, आणि महिरप म्हणजे पाकळ्यांसारख्या वळणांची कमान. सुरूच्या झाडासारखे, वर निमुळते होत जाणारे खांब केले. मधे पेशवाई थाटाचं, मेण लावलेल्या कागदाच्या कमळांचं कारंजं. पेशव्यांचा दिवाणखाना मी पाहिला नव्हता, उमाबाईंनीही नव्हता. जळून गेलेल्या वाड्याची एक सोय असते, चूक काढायला कोणी येत नाही. तुकड्यांच्या मागं मी आकड्यांऐवजी खाचा पाडल्या, म्हणजे उमाबाईंना दार बंद करून नुसत्या बोटांनी जुळवता येतील. मथुराबाईंसाठी कागदाची लेस कापली, तीही पानापानांची. एक सामान मागच्या जिन्यानं गेलं, एक पुढच्या.

अडचण एकच होती, पेशवाई कमानीशेजारी राणीच्या राज्यातली लेस. उमाबाईंनी बोटांनी चाचपून विचारलं, हे काय मथुरेनं भिंतीला लावलंय? मी म्हटलं, पेशव्यांकडे इंग्रज वकील नजराणे घेऊन यायचाच ना, त्यातलंच समजा. तिकडे मथुराबाईंना सांगितलं, विलायतेत हल्ली हिंदुस्थानी कमानींची फॅशन आहे. दोघी एकमेकींच्या कामावर खूश. उमाबाई म्हणाल्या, पोरीला हात आहे हो. मथुराबाई म्हणाल्या, या वयात सासूबाईंची नजर बघा. मी दोन्ही ठिकाणी मान डोलावली.

हळदीकुंकवाच्या दिवशी कारंजं बंद पडलं. पडद्यामागं उंच खिळ्याला पत्र्याचा डबा टांगला होता, त्यातून रबरी नळीनं पाणी कमळात यायचं. नळीत कचरा अडकला. उमाबाईंनी मोलकरणीला पाठवून मला गुपचूप बोलावलं. मथुराबाई स्वयंपाकघरात पन्हं करत होत्या, त्यांना मी आल्याचा पत्ता नव्हता. मी मागच्या जिन्यानं येऊन पडद्यामागं शिरलो, नळी साफ केली, कारंजं थुईथुई उडायला लागलं. बाहेर पडणार तोच द्वारकाबाईंचा आवाज आला. बाई वेळेआधीच येऊन थडकली होती, आणि तिच्यामागून वाडीतल्या सगळ्या.

मग काय, उभा राहिलो. चैत्राचा उकाडा. समोरून आंब्याच्या डाळीच्या फोडणीचा वास येतोय आणि पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही. बायकांच्या गप्पा मात्र फुकट. त्या अर्ध्या तासात वाडीतल्या प्रत्येक नवऱ्याबद्दल मला जे कळलं ते मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. पुढे रस्त्यात ते भेटले की नमस्कार करताना हसू आवरायचं नाही, एवढंच.

इतक्यात द्वारकाबाई म्हणाल्या, "जाऊबाई, ही कारंज्याची कमळं कोणी कापली?"

"मी. दुसरं कोण कापणार?" उमाबाई म्हणाल्या.

"आणि खिडकीची झालर?"

"मी कापली, काकी," मथुराबाई.

"असं? मग दोन्हीकडे हा दात एकच कसा?"

दात कसला ते मला पुरतं माहीत होतं. माझी मोठी कात्री दुकानाच्या फरशीवर पडून पात्याला टोकाशी एक बारीक खाच पडली होती. त्या कात्रीनं लांब कापलं की कडेला शेवटी एक छोटा दात उरायचा. एरवी आम्ही त्यावर रंग फिरवतो. घाईत राहून गेला. प्रत्येक पाकळीवर दात, झालरीच्या प्रत्येक पानावर दात.

मला काही दिसत नव्हतं, पण त्या दोघींना काय कळलं ते मला भिंतीला पाठ लावूनही समजलं. आपलं सामान दाजीबाचं आहे हे जिचं तिला ठाऊक होतं. दात एकच, म्हणजे दुसरीचंही दाजीबाचंच.

मग दोघी एकदम बोलल्या.

"खरं सांगू का, सगळं मथुरेनंच केलंय."

"छे, सगळं सासूबाईंनीच केलंय."

बायका हसल्या. द्वारकाबाई हसल्या नाहीत. "तुम्ही म्हणता हिनं, ही म्हणते तुम्ही. मग बाहेरून करून आणलंय की काय? सासूबाईंचा शब्द ठाऊक आहे ना? गाडी खाली उभीच आहे माझी."

"घरात मोठी कात्री एकच आहे, द्वारके," उमाबाई म्हणाल्या. आवाज अगदी थंड. "दोघींनी तीच वापरली. दात एकच असणार."

"मग आणा बघू ती कात्री."

"मथुरे, आण गं."

कुठून आणणार बिचारी? कात्री माझ्या कंबरेला होती. मथुराबाईंच्या पाटल्या वाजत इकडून तिकडे गेल्या. वेळ काढायला त्या नुसत्याच शोधत होत्या. शेवटी त्यांनी पडद्याची कड उचलली आणि त्यांना माझी अनवाणी पावलं दिसली. नजर वर आली. मी म्हटलं, आता ही बाई किंकाळी फोडणार, गौर दादरला जाणार आणि मी चौकीवर. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी कात्रीची मूठ पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि पडदा पुन्हा सोडला.

"ही काय, इथंच राहिली होती. कारंजं बसवताना."

द्वारकाबाईंनी कागद मागवून कापून पाहिला. दात उमटला. तरी ती बाई हटेना. "एवढी जड कात्री? ही बाईमाणसाची नव्हे. जाऊबाई, कापून दाखवा बघू एक कमळ."

मी डोळे मिटले. माझं काम उघडं पडेल याची मला काळजी नव्हती, शेठ दुसरं गिऱ्हाईक शोधतीलच. उमाबाईंची गौर मात्र आता हातची जाणार होती.

मला आधी कागद घडी केल्याचा आवाज आला, मग कात्रीचा. संथ, न थांबता. मथुराबाई आराशीजवळच उभ्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला पडद्याची कड थोडी बाजूला राहिली होती, त्या फटीतून मला उमाबाई दिसल्या. त्या कागदाकडे बघतच नव्हत्या. मान वर, नजर गौरीच्या झोपाळ्याकडे, आणि हात आपले चालताहेत. चाळीस वर्षं कापलेलं कमळ, त्याला डोळे कशाला लागतात? घडी उलगडली तेव्हा माझ्यापेक्षा सुबक कमळ निघालं. प्रत्येक पाकळीला एक दात.

"पुरे की आणखी कापू?" त्यांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी कुंकू लावून घेतलं, डाळ खाल्ली आणि त्यांची गाडी रिकामीच दादरला गेली.

मथुराबाई मात्र सासूच्या वर उचललेल्या मानेकडे बघत राहिल्या होत्या. सासूला दिसत नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं.

बायका गेल्यावर उमाबाई पडद्याजवळ आल्या. "ये बाहेर, दाजीबा. डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. वार्निशचा वास मघापासून येतोय. घाबरून उभा असशील, डाळ काढून ठेवलीय."

मी ओशाळून बाहेर आलो. दोघी समोर उभ्या. मथुराबाईंनी माझ्यापुढं पन्ह्याचा पेला ठेवला आणि सासूला म्हणाल्या, "डोळ्यांचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"आणि तू हाताचं?"

पन्हं पिऊन मी मागच्या जिन्यानं सटकलो. तिथं माझं काम उरलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात मी ऑर्डरीची वाट पाहत होतो. मोठं गिऱ्हाईक, आणि आता एकच दार, एकच जिना, लपवाछपवी नाही. गौर बसायच्या आधी मोलकरीण आली. निरोप एवढाच, दाजीबाची मोठी कात्री चार दिवस पाहिजे, आणि तिची खाच घासून काढू नये.

त्या वर्षीची आरास मी लांबूनच पाहिली. रायगड होता. बुरूज वाकडे, तटाला बेडकासारखी पानं. उमाबाई सांगत होत्या आणि मथुराबाई कापत होत्या, हे त्या वाकड्या बुरुजांवरून कोणालाही कळलं असतं. द्वारकाबाई येऊन गेल्या, पण प्रत्येक पानावर तोच दात होता, त्यांना बोलायला जागा सापडली नाही.

दुकानात शेठनं विचारलं, "तुझी ती दोन ऑर्डरवाली पार्टी, यंदा काय घेतली?"

"फक्त कात्री, शेठ."

"भाडं लावला?"

मी नाही म्हटलं. धंद्याचा धडा म्हणाल तर तो त्यांनीच दिला, आणि मी पुढं कधी विसरलो नाही. ते म्हणाले, "घरातली दोन बायका एकमेकीपासून लपवते, तोपर्यंत आपला दुकान चालते. ती बोलायला लागली, की आपण फक्त कात्रीला धार लावायची."