न छापायची टीप

लालबागच्या आमच्या डीटीपी सेंटरचे किस्से विचारूच नका. एक सांगायला बसले की चार आठवतात, आणि चारही सावंतकाकांचेच निघतात!

काका जुने कंपोझिटर. शिशाचे खिळे जुळवून पानं बांधलेला माणूस, पुढे कॉम्प्युटरही शिकला. मंडळांच्या गणपती स्मरणिका वर्षानुवर्षं त्यांनीच लावल्या. अंकात नाव मात्र फक्त शेटचं. काका हसून सोडून द्यायचे. मला ते फार खुपायचं.

*

मग मी नवी पद्धत आणली. मजकुरात <नाव>, <फोटो>, <जाहिरात> अशा खुणा टाकायच्या आणि बटण दाबायचं. पान आपोआप लागतं! पहिल्याच दिवशी सगळ्या जाहिराती चहा संपायच्या आत लागल्या.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "मग आता मी काय करू गो?"

"खुणा तुम्हीच टाका, काका. कुठे काय शोभतं ते मला कुठे कळतंय?"

*

आठवड्यात काका तरबेज! <श्रद्धांजली> टाकलं की काळी चौकट यायची. एकदा ती खूण बंद करायलाच विसरले. पुढचं सगळं काळ्या चौकटीत: आरत्या, मिठाईवाला, अध्यक्षांचं मनोगत. अध्यक्ष प्रूफ बघून हादरले.

"अहो सावंत, मी अजून आहे!"

"म्हणून तर प्रूफ दाखवलं," काका म्हणाले.

*

<टीप> या खुणेतलं काहीच छापलं जायचं नाही. ती आमच्या आपसातल्या निरोपांसाठी. काकांनी तिचा गप्पांचा कट्टा केला! पान चार: "फोटो जुना आहे, हे केस कधीच गेले." पान नऊ: "डब्यात कोलंबी आहे, लवकर ये." फाईल उघडून मी एकटीच हसत बसायचे. त्या फाईल्स अजून जपून ठेवल्यात.

*

डोळे साथ देईनात, म्हणून गेल्या गणपतीनंतर काका कायमचे गावी जाणार होते. त्यांच्या शेवटच्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मला एक टीप दिसली: "मांडणी : गणपत सावंत. छापू नये."

जुन्या फाईल्स उघडून बघितल्या. नवी पद्धत आल्यापासून दर वर्षी, शेवटच्या पानावर, तेच. माझ्या नजरेतून सुटत आलेलं.

मी कुणाला विचारलं नाही. "छापू नये" खोडलं, टिपेची खूण काढली आणि फाईल छपाईला पाठवली.

अंक आला. काकांनी भिंग धरून शेवटचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातलं लाल पेन काढलं, आणि न उघडताच परत ठेवलं.

"मोठी चूक झाली गो तुझी," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सुधार."

आणि पाच प्रती पिशवीत घातल्या.