हमालांनी ताक घेतलं नाही

घर बदलताना सामान वाहणाऱ्यांना खायला-प्यायला द्यावं की नाही, असं अलीकडे एका शेजारणीने मला विचारलं. ठरलं ते दिलं की झालं, वर फराळ कशाला, असं तिचं मत. मी म्हटलं, "द्यावं. आणि ते घेतात का, ते नीट बघावं. घेतलं नाही तर सामान आत लावायची घाई करू नये." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते, तेही उर्दूतून, कारण इथलं हैदराबादचं विद्यापीठच उर्दूतून शिकवायचं. माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजचा दरवाजा पाहिला नव्हता. वडील परभणीकडे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. हे मी कधी लपवलं नाही. हमालाची मुलगी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, याची मला तेव्हाही ऐट होती आणि आजही आहे.

वडील गेल्यावर आईला मी हैदराबादेत आणलं. पाठोपाठ धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. तिचा नवरा रेल्वेत, दूरच्या स्टेशनावर. गौळीगुड्यातली आमची एकच खोली, तीही अर्धी पुस्तकांनी भरलेली. तिथे बाळंतपण कसं व्हायचं? म्हणून मी काचीगुड्याच्या पलीकडे एक घर भाड्याने घेतलं. पुढे ओसरी, मधे खोली, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. "घर पुष्कळ दिवस बंद आहे," असं मालक म्हणाले होते. ते खरं असावं. कुलपात तेल सोडल्याशिवाय किल्ली फिरली नव्हती.

निघायच्या सकाळी हमाल बंडीवर सामान रचत होते, तेव्हा आई ताकाची घागर आणि भाकरी-ठेच्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"इथंच दे ना त्यांना," मी म्हटलं.

"इथं कशाला? नव्या घरी देईन. त्या घरातला पहिला घास कष्टाच्या माणसाने खाल्लेला बरा."

बहिणीला आणि आईला बंडीत बसवून मी मागे राहिले. खोली झाडायची होती, किल्ली द्यायची होती. माझा केर भरून होतो न होतो तोच नव्या भाडेकरूंच्या पेट्या दारात आल्या. म्हणजे ती खोली गेलीच.

नव्या घराच्या वाटेवर रिकामी बंडी मला समोरून भेटली. हमालांचा म्होरक्या सकाळभर थट्टा करत होता, माझ्या पुस्तकांच्या पेटीला "इसमें पत्थर पढ़ते क्या आपा?" म्हणत होता. आता तो बैलाच्या शिंगांकडे बघत चालला होता.

"हो गया, दादा? खाना खाए?"

"हो गया, आपा," तो म्हणाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलंच नाही.

घरी पोचले तर सगळं सामान ओसरीवर. एक पाटसुद्धा उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. बहीण ट्रंकेवर बसलेली, आई खांबाला टेकून उभी. शेजारी घागर, काठोकाठ भरलेली.

"ताक घेतलं नाही त्यांनी," आई म्हणाली.

"नसेल तहान."

"भर उन्हात? अगं, तुझा बाप तापाने फणफणला होता तेव्हासुद्धा ताकाला नाही म्हणाला नाही. हमाल ताकाला नाही म्हणत नसतो." मग आवाज खाली आणून, जणू आत कुणी ऐकत होतं, ती म्हणाली, "या घरचं पाणी नको म्हणाले. मधल्या खोलीत परवाच मयत झालीये."

"परवा?"

"परवाच. आणि तो म्होरक्या म्हणाला, या घरातून आम्ही सामान नेहमी बाहेर काढलंय. आत आणायची ही पहिली वेळ."

मला मालकाचा असा राग आला! मी तशीच आत शिरले. मधली खोली भर दुपारी थंड होती. त्या दिवसांत हैदराबादेत तव्यासारखी तापलेली घरं असतात. ही खोली मात्र रांजणाच्या पोटासारखी. भिंती कोऱ्या, फरशी साफ. नको इतकी साफ. बंद घरात धूळ असते, जळमटं असतात. इथे काही नव्हतं.

मी बाहेर येऊन म्हटलं, "काही नाही आत."

"नाहीच दिसायचं," आई म्हणाली.

परत जायला जागा उरली नव्हती, आणि बहिणीला पुन्हा बंडीत घालून गावभर हिंडवणं शक्य नव्हतं. आईनेच मग तोड काढली. आपण दुसऱ्याच्या सुतकात येऊन पडलोय, तेव्हा सुतक पाळायचं. दहावा होईपर्यंत आतली चूल पेटवायची नाही, दूध उतू घालायचं नाही, आणि पोटुशीने उंबरा ओलांडायचा नाही.

"म्हणजे माझं पोर ओसरीवर होणार, मांजरीसारखं!" बहीण म्हणाली.

"दहावा झाल्यावर होऊ दे."

"त्याला सांग ना मग. माझं कुठं ऐकतंय?"

ती हसत होती, पण हात पोटावर घट्ट होते. मला तेव्हाच कळलं की दिवस तिचे भरत आलेत आणि आई दुसऱ्याचेच मोजते आहे.

आमच्याकडे माणूस गेलेल्या जागी दिवा लावतात. खाली पीठ पसरतात, वर टोपली झाकतात आणि सकाळी पिठात काय उमटलं ते बघतात. आईने मधल्या खोलीत तसा दिवा ठेवला. आम्ही अंगणात तीन दगडांवर शिजवून ओसरीवर जेवत होतो. मी शाळेत जाऊन मुलींना भूगोल शिकवत होते, पृथ्वी कशी गोल आहे ते. आणि संध्याकाळी येऊन ना नात्याच्या ना गोत्याच्या कुणाच्या तरी सुतकात पत्रावळ घेऊन बसत होते.

एके सकाळी आईने मला हाक मारली. पिठात एक खूण होती. पाखराची नाही, मुंगीचीही नाही. एक गोल वळं, पेल्याच्या बुडाएवढं.

"पाणी मागतंय," आई म्हणाली.

"तू तेलाची वाटी टेकवली असशील."

"वाटी मी डाव्या हाताला ठेवते. आणि वाटीला बूड कुठंय? ती डुगडुगते."

मी वाटी उचलून पाहिली. बुडाशी गोलच होती, फरशीवर कलंडणारी. मी ती जागच्या जागी ठेवून दिली. त्या दिवसापासून दिव्याशेजारी आई पाण्याचा पेला ठेवू लागली. पाणी कमी व्हायचं. उन्हाळ्यात होतंच, असं मी बहिणीला समजावलं. "हो ना," ती म्हणाली, "आणि आपल्या माठातलं का नाही होत गं, अक्का?"

शेवटी शेजारची एक बाई चौकशीला आली, इथलीच, दखनी बोलणारी. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत होते. आई तिला हमालाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच आवाजात सांगत होती, "मेरेकू बोला, 'इस घर का पानी नक्को, माँ. यां परसोंइच मय्यत हुई.'"

माझा हात थांबला. "आई, काय म्हणाला तो? परसों?"

"परसोंइच. परवाच."

मी हसायला लागले. हसूच आवरेना. हैदराबादेतला 'परसों' म्हणजे परवा नव्हे! इथे मागे गेलेला कुठलाही दिवस परसों असतो. गेला महिना परसों, आजोबांचं लग्न परसों. पण त्या शब्दाला लागलेला 'इच' मात्र आपला, मराठी 'च'चा भाऊ. तो कानावर पडला आणि आईला सगळं वाक्यच घरचं वाटलं. मला तिने ते मराठी करून सांगितलं, म्हणून मी उर्दूतून बी.ए. असूनही फसले.

शेजारीणही हसली. "कौन जाने माँ, हमारे बचपन के पहले की बात हुईंगी," म्हणाली, आणि का कोण जाणे, लगेच उठून गेली.

"ऐकलंस ना?" मी आईला म्हटलं. "कसलं सुतक नि कसलं काय. जुनं मरण आहे. उचला आता सामान."

आई हसली नाही. ती खाली बसली.

"म्हणजे परवापासून नव्हे," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं?"

नव्या मड्याची भीती मी एका शब्दाने घालवली होती, आणि तिच्या जागी काय येऊन बसलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दहा दिवसांचं मरण दहाव्याला संपतं. हे कधी संपणार?

त्याच दुपारी बहिणीला कळा सुरू झाल्या.

बाहेर गरम वारा सुटला होता. धुळीने ओसरी भरून गेली, आडोशाला लावलेलं लुगडं उडून अंगणात पडलं. दार लावून घेता येईल अशी खोली एकच होती. आईने गावाकडे पुष्कळ बाळंतपणं केली होती. पदर खोचून ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि रिकाम्या खोलीशी बोलली, पाहुण्याशी बोलावं तशी, अहोजाहो करून.

"हे बघा, तुम्ही कोण, बाई की बुवा, आम्हाला ठाऊक नाही. घर तुमचं. आम्ही मागून आलो. लेकीची वेळ आलीये. जरा सरका."

मग ती थांबली. मीही थांबले. बहिणीला मागून धरलं होतं, तिचा घाम माझ्या पोलक्यात उतरत होता. खिडक्या बंद होत्या. दिव्याची ज्योत भिंतीकडे झुकली आणि झुकलेलीच राहिली.

"चला," आई म्हणाली.

तिने अंथरूण घातलं ते अलीकडच्या अर्ध्या खोलीतच. पलीकडच्या अर्ध्यात दिवा, पेला आणि उघडी फरशी. पाणी तापवायला, धडपे आणायला मी स्वयंपाकघरात पुष्कळ फेऱ्या केल्या. स्वयंपाकघराचं दार त्या मोकळ्या बाजूला होतं. एकदाही मी तिकडून सरळ गेले नाही. दर वेळी ओसरीतून बाहेर पडून, धूळ खात, घराला वळसा घालून मागच्या अंगणातून जात होते. मला कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत. आईने नाळ कापली आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली, "सुटली गं बाई."

त्या संध्याकाळी आतली चूल पेटली. भिंतीला टेकलेली बहीण पांढरी पडली होती, पण डोळ्यांत नेहमीची खोडी होती. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. तोंड मात्र त्या मोकळ्या बाजूला. मी ते दोनदा वळवलं आणि दोनदा ते तिकडेच गेलं.

"राहू दे गं," बहीण म्हणाली. "अक्का, जाताना दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस."

"का? वारा आहे."

"आईने सांगितलंय. त्यांची ये-जा असते म्हणाली."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं. हात कडीवर गेला होता. तो मी खाली घेतला.