गुडघा आणि युगान्त

वॉलॉंगॉंगहून सिडनीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये एक म्हातारा जाडजूड पुस्तक वाचत खो खो हसत होता. पुस्तक कसलं, तर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रोटेस्टंट पाळकांच्या प्रवचनांचं! त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मी विचारलं आणि फसलो. माझं स्टेशन आलं तरी बायबलातल्या दानीएलाच्या भाकितातला एक दिवस म्हणजे एक वर्ष कसा, हे त्यांचं सांगून संपेना; उरलेलं ऐकायला मी त्यांच्या घरी जाऊ लागलो.

हे साळवे पाळक. उभा जन्म नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीची सेवा केली, म्हातारपणी मुलाकडे इकडे आले आणि गेल्या वर्षी इथेच गेले. त्या जुन्या पाळकांवर त्यांचा भारी जीव. "फार विद्वान माणसं रे. एकाला प्रकटीकरणातलं, जगाच्या अंती येणारं श्वापद पोपमध्ये दिसलं, दुसऱ्याला तुर्कांच्या सुलतानात. आरशात मात्र कुणालाच दिसलं नाही," असं म्हणायचे. जगाच्या अंताची तारीख काढणाऱ्यांना त्यांनी नाव ठेवलं होतं, हवामान खातं.

आणि हे हवामान खातं नेमकं त्यांच्याच घरात निघालं. त्यांच्या बायकोचा, सुशीलाकाकूंचा, गुडघा पार गेला होता. ऑपरेशनचा नंबर लागला आणि काकू अडून बसल्या. मोबाईलवरच्या कुणा प्रवचनकाराने सांगितलं होतं, ईस्टरला प्रभू येणार, जग संपणार. मग उगाच कापून कशाला घ्यायचं? पाळकसाहेबांनी आजवर फसलेल्या सगळ्या तारखा ऐकवल्या. काकू ढिम्म. ते चुकले, हा चुकणार नाही, एवढंच त्यांचं उत्तर. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, आता टाळलंत तर कायमची चाकाची खुर्ची. पाळकसाहेब अगदी रडकुंडीला आले. मला त्यांची फार दया आली.

शेवटी एका दुपारी माझ्यासमोरच त्यांनी पुस्तक मिटलं.

"बरं सुशीला, तो येणार म्हणतेस ना? मग पाहुणा दारात आल्यावर तू बसूनच राहणार? उठायला नको?"

काकूंनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना फोन लावा."

ऑपरेशन झालं. ईस्टरच्या सकाळी मी मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवल्यावर आत काठीची टकटक ऐकू आली आणि दार उघडलं. नवी साडी नेसून काकू स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा काही पडला, की मला माफीच मागावीशी वाटली.

कोण आलंय, म्हणून आतून पाळकसाहेबांनी विचारलं.

"कुणी नाही, प्रशांत आलाय."

"मग प्रशांत तर प्रशांत. उठलीच आहेस, तर आत घे त्याला."