मे महिन्यात उडालेलं विमान

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय तेही नीट कळत नाही — पण तेच तेच डोक्यात फिरून आता मला माझाच वैताग आलाय.

मधू आणि मी नागपूरच्या एका पॉलिटेक्निकात शिकवायचो. तो यंत्रं, मी वीज. ऐंशीच्या आसपास त्याच्या डोक्यात सौर विमान शिरलं — आत माणूस नसलेलं, ढगांच्या वर जाऊन नुसत्या उन्हावर महिनोन्‌महिने उडत राहणारं. पहिला नमुना म्हणजे बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, टेपरेकॉर्डरची मोटर आणि पंखांवर सौर सेल. हुशार होता हो, पण हट्टी! उडवायचं तर मे महिन्यात, भर दुपारीच. मी सांगून सांगून थकलो — सेलला उजेड लागतो, ताप नाही. तापले की त्यांचा जोर कमी होतो. जानेवारीत सकाळी बघू. ऐकेल तर शपथ. म्हणायचा, "नागपूरचं ऊन आहे गा हे. इथं नाही उडन तं कुठं उडन?"

आणि ते उडायचं नाही. रोज दुपारी खिशात कांदा ठेवून — लू लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात — आम्ही मैदानावर भाजून निघायचो. मी हातातून सोडायचो, ते थोडं पुढे जाऊन नाक घासायचं. माझं डोकं उठायचं — उन्हानं की त्याच्या हट्टानं, कोण जाणे. शेवटी त्यानं प्राचार्यांनाच बघायला बोलावलं. मला वाटलं, एकदाचं उडू दे आणि माझी सुटका होऊ दे.

म्हणून मी — हो, मीच — त्या सकाळी विमानाच्या पोटात, कागदाच्या आत, टॉर्चचे पेन्सिल सेल जोडून ठेवले.

उडालं. मैदानावर मोठी गिरकी घेऊन हळूच उतरलं. उचलायला मीच धावलो आणि सेल काढून खिशात टाकले, कांद्याशेजारी. मधू सगळ्यांदेखत रडत होता.

सुटका कसली? त्याला आता पुरावाच मिळाला होता. मे महिना लागला की तेच मैदान, तीच दुपार. "त्या दिवशी उडलं होतं ना गा, मग आता काहून नाही उडत?" — आणि हे मलाच विचारायचा. जानेवारीचं नाव काढायची सोय मीच ठेवली नव्हती. वर मी त्याच्यावरच चिडायचो. काय म्हणावं या निर्लज्जपणाला?

मग एका वर्षी त्याला ऊन लागलं. धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, थोडक्यात वाचला. घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, पन्ह्याचा पेला हातात दिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते खरंच उडलं होतं का? तुम्ही नाही म्हटलं तं सोडून देतीन ते."

किती सोपं होतं? नुसतं 'नाही' म्हणायचं. आणि मी कशाचा विचार करत होतो — प्राचार्य काय म्हणतील, कॉलेजातली पोरं काय म्हणतील!

"उडालं होतं, वहिनी," मी म्हणालो. पन्हं पिऊन टाकलं. छान झालंय, असंही म्हणालो.

पुढच्या मे महिन्यात तो एकटाच गेला. मला न्यायला आला होता, पण अंग दुखतंय सांगून मी कूलरपुढे लोळत राहिलो. "कांदा घेतला का गा?" एवढं मात्र विचारलं. त्यानं हसून खिसा थोपटला.

संध्याकाळी त्याला मैदानावरून घरी आणलं, तेव्हा तो गेलेला होता. कांदा खिशातच होता. माणसं जमली, कुजबुजायला लागली — कशापायी जीव घालवला, वेड लागलं होतं का? वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"वेडे नव्हते ते," त्या म्हणाल्या. "एकदा उडलं होतं. भाऊजींनी पाह्यलं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.