सारजामायचं सुतक

सारजामाय जिवंत माणसांसाठी रडत असे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते वलगावात. एका घरापुढे ती चार बायकांना घेऊन ऊर बडवत बसली होती. मी कापसाच्या गाड्यांमागून चाललो होतो. रीत म्हणून थांबलो आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, कोण गेलं? त्यानं ओट्याकडे बोट दाखवलं. मयत ओट्यावर बसून कांदा-भाकर खात होतं.

त्या गड्यानं आदल्या दिवशी बायकोला बडवलं होतं. सारजामायचं म्हणणं असं, की बायकोवर हात उचलला की त्या घरातला माणूस मेला. अमरावतीच्या वेशीबाहेर तिचा मळा होता, वांग्यांचा आणि झेंडूचा. कुठं मारहाण झाल्याचं कळलं की ती आधी त्या बाईला मळ्यात आणी, शेकून देई, पोटभर जेवू घाली. मग झेंडूचा हार घेऊन नवऱ्याच्या दारात रडायला बसे. "कसा शूर होता वो बायांनो! शिपाई दिसला का खाटीखाली, बायको दिसली का वाघ!" रडणाऱ्या म्हातारीला हाकलायचं कोणी? न्हावी त्या घरी दाढी करायला जाईना, वाणी मीठ देईना. सुतक ते सुतक. ते फिटायचं तर बायकोनंच चारचौघांत म्हणायचं, की हा जिवंत आहे. काही जणी म्हणत. काही जणी मळ्यातच राहून हार गुंफत. कोणी सारजामायला म्हणालं, की रडतेस कशाला, चांगल्या शिव्या दे, तर ती म्हणे, "मेलेल्याले काय शिव्या द्याच्या, बाप्पा? रडाव."

ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझं गाऱ्हाणं अजून जिवंत आहे. मी अकोल्याहून अमरावतीला एका धोतरानिशी आलेला माणूस, घासाघीस करून दलालीत उभा राहिलेला. त्या वर्षी अमेरिकेत लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. हिरामण नावाच्या व्यापाऱ्याचा सगळा कापूस मी मुंबईच्या खरीददाराला विकत होतो. उपरण्याखाली आमचे हात होते. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटं धरून सांगतात. अजून एक बोट खरीददारानं दाबलं की सौदा झाला होता, तेवढ्यात बाजारात रडण्याचा आवाज आला. "हिरामण गेला वो!"

खरीददार मोठा सोवळा माणूस. त्यानं विंचू चावल्यासारखा हात ओढला आणि थेट विहिरीवर आंघोळीला पळाला. शेजारीच उभा असलेला हिरामण त्याच्यामागे धावला, मी हाये, मी हाये, असं ओरडत. सारजामाय सूर न सोडता बायकांना म्हणाली, "नवं नवं भूत असंच फिरते."

माझं डोकं फिरलं. मी तिला सांगितलं, की घटकाभर थांब, सौदा होऊ दे, मग याला खुशाल जाळ. ती म्हणाली, "काल गंगीले मारतानी हा घटकाभर थांबला होता काय, भाऊ?"

गंगी म्हणजे हिरामणची बायको. ती सकाळपासून मळ्यात होती. ओलेत्यानं उभ्या खरीददारानं सांगितलं, की बायकोनं जिवंत म्हटलं तर पुन्हा बसतो. मी मळ्यात धावलो. हिरामणच्या वतीनं गंगीला लुगडं कबूल केलं, मग नथ, मग माहेरी जायला दमणी गाडी. माझ्याच दमणीचे बैल कबूल करून बसलो. ती पदराखाली हात घेऊन उठली आणि माझ्यापुढे चालू लागली. मला वाटलं, जमलं.

बाजार गोळा झाला होता. गंगीला पाहताच हिरामणला जोर आला. घरी चल म्हणाला, झालं गेलं विसर म्हणाला, आणि मग सारजामायवर मात करायला चारचौघांत मोठ्यानं विचारलं, "मी मेलो म्हनता, त हिच्या बांगड्या कोनं फोडल्या?"

गंगीनं पदराखालून हात काढला. मनगट सुजलं होतं, काचांनी कापलं होतं, आणि त्यात एकही बांगडी नव्हती.

"तुमीच त फोडल्या. काल."

कोणी हसलं नाही. एका हमालानं डोक्यावरचं मुंडासं उतरवलं. मग दुसऱ्यानं. खरीददार दुसऱ्या अडत्याकडे निघून गेला. पुढे लढाई संपली, भाव कोसळले, आणि तसा सौदा मला पुन्हा कधी मिळाला नाही. हे मी सारजामायला भेटेल तिथं ऐकवत असे. ती मला वांगी देई.

पण त्या दिवशी तिथून ती उठली ती गंगीला घेऊन कासाराच्या दुकानी गेली. मीही तणतणत मागे गेलो. माझं भांडण संपलं नव्हतं. कासार बुचकळ्यात पडला. नवऱ्याचं सुतक आणि हिरव्या बांगड्या? कोणाच्या नावानं भरू, असं त्यानं विचारलं.

सारजामाय म्हणाली, "हात तिचा हाये. तिलेच इचार."

गंगीनं हिरव्याच मागितल्या. कासारानं अडलेलं गिऱ्हाईक पाहून भाव चढवला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. दिवसभराचा सगळा राग मी त्या कासारावर काढला आणि भाव निम्म्यावर आणला. एका हातात बांगड्या भरल्या. सुजलेला हात तसाच ठेवला. तो बरा झाल्यावर गंगी पुन्हा आली, एकटी. मी शेजारच्याच दुकानात होतो. मदतीला उठणार, एवढ्यात तिनं मला हातानंच बसायला सांगितलं आणि कासाराला माझ्यापेक्षाही खाली आणलं.